कोकणातलं घर आतून उबदार पांढरं करायचं तर

तुमचा प्रश्न मला असा समजला. वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर घर. पुढची पडवी, ओटी आणि माजघर जुनं, चिऱ्याचं म्हणजे जांभा दगडाचं, वर मंगलोरी कौलं. मागे नंतर वाढवलेल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यांवर स्लॅब. जुन्या भिंतींनाही आतून नव्वदच्या दशकात सिमेंटचा गिलावा झालेला. तुम्ही ठाण्याला, घरात सासू-सासरे. सगळं घर आतून एकसारखं वॉर्म व्हाइट हवंय आणि तेही गणपतीच्या आधी. पेंटर मात्र म्हणतो, "पांढरो रंग हयसर टिकाचो नाय."

पेंटर अनुभवातून बोलतोय, पण दोष चुकीच्या ठिकाणी टाकतोय. तुमच्याकडे पिस्ता लावा, अबोली लावा, पोपडे सुटायचे तिथेच सुटणार. पांढऱ्यावर ते आधी दिसतात, एवढंच. माझ्या मते हा पांढऱ्याचा गुण आहे. गडद रंगाखाली ओल दोन-दोन वर्षं लपून बसते आणि कळते तेव्हा गिलावा पोकळ झालेला असतो.

म्हणून शेड कार्ड बाजूला ठेवा आणि आधी भिंतीकडे या.

चिरा सच्छिद्र दगड. जुन्या घरांच्या जोत्यात ओलप्रतिबंधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं. पूर्वीही चढत होतंच, पण चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत निघून जायचं. सिमेंटच्या गिलाव्याने आणि त्यावरच्या प्लास्टिक पेंटने ही वाट बंद केली. कोंडलेलं पाणी आणखी वर सरकतं आणि सुटायला जागा मिळेल तिथे रंग फोडून बाहेर येतं. तुम्ही लिहिलेला 'खालून दोन-अडीच फुटांवरचा नागमोडी पिवळट पट्टा' हाच.

त्यात मीठ. किनाऱ्यावर ते वाऱ्यातून येतं आणि गिलाव्यात खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर भिंतीच्या पोटातच असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळतं. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडची आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणून कुठेही गळती नसताना, चार दिवस पाऊस नसतानाही ती भिंत हाताला ओलसर लागते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच मीठ स्फटिक होऊन फुगतं आणि पांढरी पूड झडते. हा लोणा. त्यावर नुसतं वॉटरप्रूफिंगचं रसायन फासून उपयोग नाही. दर्शनी बाजू बंद होते आणि पाणी शेजारच्या भिंतीत शिरतं. असलं काम 'दहा वर्षांची गॅरंटी' देऊन विकणारे किनाऱ्यावर खूप फिरतात. चिऱ्याच्या जुन्या भिंतीसाठी तरी त्यांना दारातूनच परत पाठवा.

जुन्या भागात करायचं ते असं. ओलीची रेघ जिथवर आहे तिच्या फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढून टाका, अगदी चिरा उघडा पडेपर्यंत. उघडे चिरे कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर मीठ पुन्हा आत जातं. महिना-दोन महिने भिंत तशीच उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल, सासूबाई नाराज होतील, पण यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. मग चुना एक भाग आणि धुतलेली नदीची वाळू तीन भाग असा गिलावा. त्याबरोबर बाहेरची कामंही हवीत. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडत असेल तर पन्हळ लावून ते लांब न्या. अंगणात वर्षानुवर्षं माती पडून बाहेरची जमीन आतल्या जमिनीच्या बरोबरीला आली असेल तर ती उतरवा. भिंतीला टेकून केलेली फुलझाडं हलवा. बाहेरच्या या कामांचा खर्च रंगापेक्षा कमी आणि परिणाम जास्त असतो. नेमकी तीच राहून जातात, कारण ती फोटोत दिसत नाहीत.

मागच्या स्लॅबच्या खोल्यांचा आजार वेगळा असणार. तिथे डाग वरून खाली उतरत असेल तर स्लॅबची गळती. फक्त कोपऱ्यात, कपाटामागे, पलंगाच्या उशाशी काळे ठिपके असतील तर ती बुरशी, आणि ती गळतीने नाही, कोंडलेल्या हवेने आलेली. या दोन्हींवर चुना-गिलाव्याचा उपाय लागू नाही. एकच कंत्राटदार सगळ्या घराला एकच इलाज सांगू लागला की सावध व्हा.

आता गणपतीबद्दल. चाकरमानी यायच्या आधी घर रंगवायचं ही सगळ्या कोकणची घाई, पण रंगासाठी वर्षातले सर्वांत वाईट दिवस तेच. भिंतीत जून-जुलैचं पाणी असतं, एका हातावर दुसरा हात मारायचा तर पहिला वाळत नाही, आणि पेंटर तीन घरं एकदम घेऊन बसलेला असतो. या वर्षी रंग लावू नका. गणपतीच्या खोलीला तात्पुरता चुन्याचा एक हात द्या, माटवी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधा, आणि आलेल्या पाहुण्यांना काम पुढच्या वर्षी आहे म्हणून सांगून टाका. तुमच्याकडे गणपतीमागची भिंत दरवर्षी चित्राने रंगवत असतील तर ती या योजनेतून कायमची वगळा. तिला एकसारखा पांढरा देऊन तुम्ही घरातली सर्वांत चांगली भिंत घालवाल.

मात्र गणपतीच्या मुक्कामात दोन कामं नक्की करा, कारण ती फक्त पावसाळ्यातच होतात. पहिलं, ओलीचा नकाशा. प्रत्येक भिंतीवर ओल कुठवर आहे ती रेघ पेन्सिलने आखा, शेजारी तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढा. डिसेंबरमध्ये सगळ्या भिंती शहाण्यासारख्या दिसतात आणि कंत्राटदाराला काहीच दाखवता येत नाही. दुसरं काम, छटा पाहणं.

कोकणात पांढऱ्याची छटा ठाण्याच्या दुकानात ठरत नाही, कारण इथे खोलीत येणारा प्रकाश पांढरा नसतो. माड, पोफळी, आंबा यांच्यातून गाळून येतो तो हिरवट. समोर लाल मातीचं किंवा चिऱ्याचं अंगण असेल तर खालून वर येतो तो तांबूस. पावसाळी ढगांतून येतो तो निळसर करडा. आत जमिनीला लाल कोबा असेल तर भिंतीचा खालचा अर्धा भाग आपोआप गुलाबी छटा घेतो. पांढरा रंग हे सगळं उचलतो, म्हणून तुमच्या घरात एकाच डब्यातला रंग चार खोल्यांत चार तऱ्हांनी दिसेल.

यावरून माझा ठोकताळा असा. झाडीच्या बाजूच्या खोल्यांना पिवळ्याकडे झुकलेला पांढरा देऊ नका. हिरव्या उजेडात तो आजारी, लिंबाच्या सालीसारखा दिसतो. तिथे लालसर-गेरूकडे किंचित झुकलेला घ्या; हिरवा आणि तांबूस एकमेकांना मारतात आणि भिंत शांत दिसते. उलट ओटी-पडवीत, जिथे लाल अंगण समोर आहे, तिथे तोच रंग पीच दिसू लागेल. तिथे पिवळसर-मोतिया चालतो, किंवा जवळपास निव्वळ पांढराही चालतो, कारण ऊब अंगणच पुरवतं. म्हणजे घर 'एकसारखं' दिसावं यासाठी दोन वेगळे पांढरे लागतील. दोनच, चार नकोत. छत, चौकटी आणि भिंती यांना तीन वेगळे ऑफ-व्हाइट देण्याची पद्धत मासिकांत छान दिसते. आपल्या घरात त्यातला एक हमखास मळलेला वाटतो.

किती गडद, हेही पाहा. रंगाच्या कार्डावर एलआरव्ही असा आकडा असतो, म्हणजे पडलेल्या उजेडातला किती भाग रंग परत फेकतो. काळ्याला शून्याजवळ, निव्वळ पांढऱ्याला नव्वदच्या आसपास. माजघरासारख्या खोल, एकाच खिडकीच्या खोलीत ८० च्या खालचा ऑफ-व्हाइट घेतलात तर तो उबदार न दिसता मळकट दिसेल. ओटीवर ७५ पर्यंत उतरलात तरी हरकत नाही, उलट दुपारची तिरीप डोळ्यांना कमी बोचते. ज्यांना दुकानदाराशी नेमकं बोलायचं असतं त्यांना मी आरएएल (रंग क्रमांकाने ओळखण्याची एक पद्धत) क्रमांक देतो: ९०१० किंचित उबेकडचा, ९००१ सरळ मलईकडचा, आणि ९०१६ थंड, तो आपल्याला नको.

नमुना भिंतीवर लावू नका. सिमेंट शीटचे किंवा हार्डबोर्डचे दोन-दोन फुटांचे तुकडे घ्या, दोन हात द्या, आणि तेच तुकडे खोलीखोलीत फिरवा. खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवा, खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवा, सकाळी, भर पावसात, दिवा लावून पाहा. सासूबाईंनाही बघू द्या. घरात दिवसभर त्या असतात.

दिव्यांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून सगळीकडे 'कूल डे लाइट'चे दिवे दिसतात, म्हणजे ६५०० केल्विन. त्या उजेडात कुठलाही उबदार पांढरा संध्याकाळी सात वाजता दवाखान्याच्या भिंतीसारखा होतो. बसायच्या-झोपायच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विन, स्वयंपाकघरात ओट्यावर ४०००. पाकिटावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त असेल तो घ्या, नाहीतर लाकूड आणि माणसांचे चेहरे दोन्ही फिके दिसतात. सासऱ्यांना वाचायला पांढरा उजेड लागत असेल तर त्यांच्या खुर्चीपाशी वेगळा दिवा द्या, पण छताचा दिवा बदलाच. सगळ्या खर्चात हा सर्वांत स्वस्त बदल. आधी दिवे बदला, मगच छटा निवडा.

आता प्रत्यक्ष रंग. जुन्या चिऱ्याच्या भागात, चुन्याच्या गिलाव्यावर मी चुनाच सुचवेन. त्याचं अल्कलीपण इतकं असतं की बुरशीला तो ताजा असेपर्यंत थारा मिळत नाही, आणि भिंतीतली वाफ तो अडवत नाही. आपल्याकडे सफेदीत नीळ घालायची सवय आहे. तिने पांढरा थंड होतो. तुम्ही नीळ सोडा आणि पिवडी (पिवळी माती) घाला, अगदी चिमूट-चिमूट, लालसर हवा असेल तिथे गेरू. हे मातीचे रंग चुन्यात टिकतात. बाजारातले बरेच स्टेनर (रंगात मिसळायचे तयार रंग) टिकत नाहीत, उडून जातात. चुना ओला असताना पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून प्रत्येक नमुना वाळवून मगच ठरवा. पातळ तीन-चार हात द्या, जाड दोन नकोत. जाड थर भेगाळतो आणि झडतो. कपड्यांना लागू नये म्हणून थोडा डिंक घालतात, तो चालेल. एक अट आहे: खाली जुना प्लास्टिक पेंट असेल तर चुना धरत नाही. तो पूर्ण खरवडलाच पाहिजे. चुना नकोच असेल तर सिलिकेट पेंट मिळतात. तेही वाफ जाऊ देतात, महाग असतात आणि ते लावणारा पेंटर तालुक्यात मिळेलच असं नाही.

स्लॅबच्या खोल्यांत चांगला बुरशीरोधक ॲक्रिलिक इमल्शन, मॅट किंवा किंचित तुकतुकी असलेला. ऑइल बाउंड डिस्टेंपर नको, बुरशी त्यावर आवडीने वाढते. पीओपीने भिंत गुळगुळीत करण्याचा मोहही नको. जिप्सम पाणी धरून बसतं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्या, तीही पातळ. भिंत थोडी वरखाली राहिली तर राहू द्या, मॅट रंगात ती चांगलीच दिसते. काळे ठिपके आहेत तिथे रंग चढवण्याआधी घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग, पंधरा मिनिटं ठेवून पुसा आणि खडखडीत वाळवा. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. दारं-चौकटींना पांढरा ऑइल पेंट देऊ नका. अंधाऱ्या खोलीत तो वर्षभरात पिवळा पडतो, आणि तो पिवळा तुम्ही निवडलेला नसतो. पाण्यातला इनॅमल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) घ्या.

रंगाआधी भिंत वाळली का हे हात लावून कळत नाही. फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला सील करा, २४ तासांनी उघडा. आतून दव दिसलं की थांबायचं. नव्या गिलाव्याला इंचभर जाडीमागे महिनाभर धरा. हिशेब असा बसतो: पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गिलावा उतरवणं, डिसेंबर-जानेवारीत नवा गिलावा, शिमग्याच्या आगेमागे रंग. मे महिन्यात पोरांच्या सुट्टीत घर तयार.

जुन्या भागाला खालून तीन फुटांचा वेगळा पट्टा द्यावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. काव (लाल मातीचा रंग), गेरू किंवा मातकट करडा. आपल्याकडच्या जुन्या घरांत हा पट्टा असायचाच. ओल, झाडूचे फटके, पावसाच्या पायांचे शिंतोडे, सगळं त्याच्या पोटात जातं आणि दर मे महिन्यात तेवढाच पुन्हा मारता येतो. वरचा पांढरा त्यामुळे जास्त पांढरा दिसतो. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांत कावीचं काम पाहिलंत तर चुना आणि काव ही जोडी किती जुनी आणि किती बरोबर आहे ते कळेल.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण फोटो पाहून तुम्ही बरंच ठरवून ठेवलंय. पांढरं एमडीएफ कपाट नको, पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतात. करायचंच तर आयएस ७१० चं मरीन प्लाय, सगळ्या कडा बंद केलेलं, आणि बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सोडून. दारांना वर-खाली जाळी ठेवा. पण घरात फणसाचं किंवा सागाचं जुनं सामान पडून असेल तर ते आधी बाहेर काढा. फणसाचं लाकूड वयाबरोबर सोनेरी-तपकिरी होतं आणि उबदार पांढऱ्याला त्यासारखा जोडीदार नाही. ते पांढरं रंगवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पडद्यांना मांजरपाट. त्याचा स्वतःचा न धुवटलेला रंग म्हणजे तुम्हाला हवी तीच छटा, वजनाला हलका, धुतला की वाळतो. जाड अस्तराचे पडदे कुबट वास धरतात. गालिचा जूनमध्ये गुंडाळून माळ्यावर. पांढरा कापडी सोफा नकोच. वेताच्या किंवा लाकडी बैठकीवर सुटी, खोळ काढता येईल अशी गादी. कड्या-बिजागऱ्या एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ च्या मिळाल्या तर त्या घ्या, ३०४ वर समुद्राच्या इतक्या जवळ तपकिरी डाग येतात. पितळ काळवंडतं, पण ते घासता येतं.

आणि एसी. तुम्ही मागच्या खोलीत लावणार आहात म्हणून सांगतो. पावसाळ्यात तुमच्याकडच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून थंड झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर बाहेरची हवा लागली की दव धरणार. एसी २० वर ठेवला की खोलीची भिंत थंड होते आणि पलीकडच्या, एसी नसलेल्या खोलीत तिच्या पाठीला घाम फुटतो. महिन्याभरात तिथे काळे ठिपके दिसतात आणि दोष रंगाला जातो. २६ च्या खाली उतरू नका, ड्राय मोड वापरा. एसी बंद केल्यावर लगेच खिडक्या सताड उघडू नका, आधी पंखा चालू राहू द्या. कपाट आणि ही सामाईक भिंत यांची गाठ घालू नका.

पैसे कमी पडले तर कापायचा क्रम सांगतो. आधी नवं फर्निचर काढा, मग फॉल्स सीलिंग (कौलाखाली ते मुळातच नको, वाफ आणि उंदीर दोन्ही तिथे मुक्कामाला येतात), मग मागच्या खोल्यांचा रंग एक वर्ष पुढे ढकला. पन्हळ, जोत्याभोवतीची माती आणि माजघराचा गिलावा यांच्या खर्चाला हात लावू नका. निवडलेल्या दोन्ही रंगांचे क्रमांक आणि पिवडी-गेरूचं प्रमाण मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या मे महिन्यात हात मारायला पेंटर येईल तेव्हा तुम्ही ठाण्याला असाल.